सात घरांचं दुपटं

आमच्या शेलूबाजारातून परदेशात जाऊन आलेली पहिली बाई म्हणजे पानाबाई. तिच्या आधी गावातलं कोणी गेलं असेल तर मला ठाऊक नाही, आणि गावाची माणसं मी जन्मापासून ओळखतो. विमान तिनं पाहिलं ते आभाळातच, अंगणात वाळवण राखताना, डोळ्यांवर हात धरून. परदेशात ती टांग्यात बसून गेली. बिहारात रक्सौल म्हणून स्टेशन आहे. तिथं उतरायचं, टांगा करायचा, एक लहानशी नदी ओलांडायची आणि कमानीखालून जायचं, की लागलं नेपाळ. तिथला राजा वेगळा, नोट वेगळी, घड्याळसुद्धा तेव्हा आपल्यापेक्षा दहा मिनिटं पुढं. माती मात्र तीच, असं पानाबाई सांगे.

ती गेली होती लेकरू आणायला.

पानाबाईचा नवरा ज्ञानचंद. बाजाराच्या रस्त्यावर त्याचं किराणा आणि धान्याचं दुकान होतं. जैनांची दोनच घरं गावात, त्यातलं हे एक. घरात ज्ञानचंदची आई सूरजबाई, दिवस मावळायच्या आत जेवणारी, पाणी दोनदा गाळून पिणारी, आणि बोलायला कातरीसारखी. दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाला आतून तिचा आवाज आला की माणूस आपोआप पाय आवरून बसे.

पानाबाईला तीन लेकरं झाली होती. पहिली पोरगी नऊ दिवसांत गेली, नाव ठेवायच्या आधीच. दुसरा माणक, सहा महिन्यांचा असताना तापात गेला. तिसरा रिखब. तो अकरा महिने जगला. दुकानातल्या तराजूची साखळी धरून उभा राहायचा आणि पारडं हललं की स्वतःच दचकून हसायचा. ते हसणं गावानं पाहिलं होतं, म्हणून तो गेला तेव्हा त्या दिवशी बाजाराचा दिवस असूनही ज्ञानचंदच्या दुकानासमोर कोणी मोठ्यानं बोललं नाही.

आमच्याकडे जुन्या बाया एक गोष्ट पाळतात. जिची लेकरं जगत नाहीत तिनं पुढच्या लेकराच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही. ज्या घरी लेकरं धडधाकट वाढली अशा सात घरी जायचं, पदर पसरायचा, आणि वापरलेलं, धुऊन मऊ झालेलं कापड मागायचं. त्या तुकड्यांचं दुपटं शिवायचं आणि लेकरू पहिल्यांदा मांडीवर घ्यायचं ते त्या दुपट्यावर. मरणाला वाटावं, हे हिचं नाहीच, मागून आणलेलं दिसतंय.

रिखबच्या वेळी पानाबाईनं सासूला विचारलं होतं. सूरजबाई म्हणाल्या, "दुकानदाराची बहू चिंध्या मागत फिरन काय? लोकायले काय दाखवाचं?" रिखबला नागपूरहून आणलेलं रेशमी झबलं घातलं. तो गेला तेव्हाही ते झबलं नव्यासारखंच होतं.

त्यानंतर सात वर्षं पानाबाईची कूस कोरडीच राहिली.

पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात कारंज्याहून भागचंद आला. हा ज्ञानचंदचा चुलतभाऊ. तो शिखरजीच्या यात्रेहून परतला होता. तिथं धर्मशाळेत त्याच्या शेजारच्या खोलीत पूनमचंद म्हणून एक कापडाचे व्यापारी उतरले होते, नेपाळातल्या बीरगंजचे, आपल्याच जातीचे. त्यांना पाच मुलगे, आणि बायकोला पुन्हा दिवस गेलेले. बोलता बोलता ते म्हणाले, आता जे होईल ते एखाद्या चांगल्या जैन घरी गोद देईन, मुलगा असो की मुलगी. भागचंदनं तिथल्या तिथं ज्ञानचंदचं नाव घेतलं. गावी आल्यावर सविस्तर पत्रही लिहिलं. दिवाळीच्या आधी उत्तर आलं. मुलगा झाला होता. पंचेचाळिसाव्या दिवशी त्याला घरच्या चैत्यालयात पहिलं दर्शन घडवायचं, णमोकार मंत्र ऐकवायचा, आणि तिथंच पानाबाईच्या ओटीत घालायचा, असं ठरलं.

पत्र आलं त्या दुपारी पानाबाई आमच्या घरी आली. माझी आई सोजरबाई, तिची आम्ही सहा लेकरं, सहाही जिवंत. आई ज्वारी पाखडत होती.

"सोजरबाई, मले एक कापडाचा तुकडा पायजे वो. तुमच्या लेकराच्या अंगावरचा."

"कायले वो? पोतेरं कराले मह्या घरून नेतं काय, इतकं मोठं दुकान असून?"

पानाबाईनं पदर पसरला. आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आत जाऊन तिनं माझ्या धाकट्या भावाचा जुना सदरा आणला, त्याची पाठ फाडली आणि पदरात टाकली. "घे माय," एवढंच म्हणाली.

अशी ती सात घरं फिरली. तांड्यावर हेमसिंग नाईकाच्या घरी गेली, त्याच्या बायकोनं आरशाचं भरतकाम असलेला लाल तुकडा दिला. बांगड्या विकणाऱ्या युसूफच्या घरी गेली. त्याच्या बायकोनं, अमिरुन्निसानं, आपल्या पोराच्या पायजम्याचं हिरवं कापड दिलं. ते इतकं विरलं होतं की त्यातून उजेड दिसे. अमिरुन्निसा म्हणाली, "याच्यात चार पोरं वाढले, पानाबाई. फाटलं नाई, झिजलं." या वेळी सूरजबाईंनी अडवलं नाही. पण निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी ते दुपटं हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "तिथं हे काढजो नोको. लेकरू घेऊन गाडीत बसलो का मंग काढजो."

नवरा-बायको आणि सूरजबाई, तिघं निघाले. एस.टी.नं कारंजा, तिथून लहान्या गाडीनं मुर्तिजापूर, मग मोठी गाडी. चार दिवसांचा प्रवास. सोबत खाकरे, भाजलेल्या डाळ्या, सातूचं पीठ, आणि पाणी गाळायचं जाड फडकं. प्रत्येक स्टेशनावर ज्ञानचंद लोटा घेऊन उतरे आणि सूरजबाई खिडकीतून ओरडत, "गाळून भर!" डब्यातली माणसं हसत. पानाबाई काही ऐकत नव्हती. तिच्या मांडीवर गाठोडं होतं आणि त्या गाठोड्यात दुपटं.

पाटण्याला गंगा आली. तेव्हा तिथं पूल नव्हता, माणसं बोटीनं ओलांडत. मार्गशीर्षातली सकाळ होती, पाण्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. सूरजबाई एका बाकावर जप करत बसल्या होत्या. ज्ञानचंद पानाबाईला कठड्यापाशी घेऊन गेला.

"ऐक. तिथं कोनी इच्यारलं, पहिले लेकरं झाले काय, तर नाई म्हनजो."

"काहून?"

"भागचंदनं पत्रात तसंच लिवलं हाये. का आजपर्यंत कूस उजवली नाई म्हून."

पानाबाई पाण्याकडे पाहत राहिली. "तीन डाव उजवली."

"मले काय माईत नाई?" ज्ञानचंद म्हणाला. तो साधा माणूस, रिखबला शेवटचं खांद्यावर घेऊन गेलेला तोच. "पन तीन गेले असं लिवलं असतं, तर चौथं कोन देईन आपल्याले? सांग तू. कोन देईन?"

बोटीचा भोंगा वाजला. पानाबाई म्हणाली, "बरं."

पुढं तिनं माझ्या आईला सांगितलं, की ते 'बरं' म्हणताना तिला वाटलं, आपल्या तिन्ही लेकरांना आपण आत्ता इथं पाण्यात सोडलं.

बीरगंजचं घर मोठं होतं. खाली कापडाचं दुकान, वर राहायला. पूनमचंद हसतमुख माणूस, त्यांनी ज्ञानचंदला मिठीच मारली. त्यांची बायको अंगुरीबाई उंच, फिकट, थोडं बोलणारी. ती मारवाडी मिसळलेल्या हिंदीत बोले, मी ते आपल्या भाषेत सांगतो.

हे तिघं पोहोचले तो लेकराचा त्रेचाळिसावा दिवस. म्हणजे पानाबाईला दोन दिवस मिळाले. ते दोन दिवस ती पुन्हा पुन्हा सांगे, तेच तेच, पण ऐकणारा कंटाळत नसे. लेकराच्या डाव्या कानामागं तीळ होता. मालिश करताना ते मूठ उघडत नसे. सकाळी उन्हात ठेवलं की दोन्ही पाय एकदम झाडी. ती त्याला अंगुरीबाईच्या मांडीवरच पाहत होती, हात लावत होती, पण स्वतःच्या मांडीवर घेत नव्हती. पूनमचंद म्हणाले, "घ्या की, आता तुमचाच आहे." ती म्हणाली, "परवा घेईन. एकदमच घेईन." सगळ्यांना ते सासरच्या रीतीचं बोलणं वाटलं. तिला दुपट्याशिवाय घ्यायचं नव्हतं, हे कोणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगुरीबाई लेकराला पाजत होती. पाजता पाजता म्हणाली, "जीजी, याला सर्दी लवकर होते. छातीला लसणाचं तेल तुमच्या घरी चालत नसेल, तर ओव्याची पुरचुंडी शेकवा. आणि रडला तर लगेच उचलू नका, सवय लागते." मग थांबून म्हणाली, "उचलाल तरी चालेल."

पंचेचाळिसाव्या दिवशी सकाळी लेकराला आंघोळ घातली. चैत्यालय म्हणजे वरच्या मजल्यावरची एक स्वच्छ खोली, समोर लहानशी पितळी मूर्ती, तांदळाचा वास. लेकराच्या कानात णमोकार म्हटला. अंगुरीबाईनं त्याला पिवळ्या मखमलीचं नवं झबलं घातलं होतं. ती उठली आणि पानाबाईच्या पुढ्यात येऊन बसली. "पदर पसरा, जीजी," ती म्हणाली.

पानाबाईनं पदराखालून दुपटं काढलं आणि मांडीवर पसरलं.

सूरजबाईंनी डोळे मिटले. त्या मखमलीसमोर ते सात रंगांचं, विरलेलं, उसवलेल्या सदऱ्याचं, पायजम्याचं, आरशाच्या तुकड्याचं दुपटं. पूनमचंद गोंधळून म्हणाले, "अहो, नवं आहे ना घरात. पाहिजे तेवढं कापड आहे. हे कशाला?"

अंगुरीबाई कापडाकडे पाहत होती. तिनं एका बोटानं एकेक तुकडा मोजला. सात झाले.

"माझ्या मावशीनं असं शिवलं होतं," ती म्हणाली. "जिची मुलं राहत नाहीत, ती शिवते."

"नाई, नाई," सूरजबाई घाईनं बोलल्या. "थंडी हाये म्हून आनलं. गरम राह्यते हे."

अंगुरीबाईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. लेकरू तिच्या दोन हातांवर होतं, दोघींच्या मधे. तिनं पानाबाईलाच विचारलं. "किती गेली, जीजी?"

ज्ञानचंद भिंतीशी उभा होता. पानाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली नाही, नुसता पाहत राहिला, आणि त्याच्या पाहण्यात काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. एक शब्द. एक 'नाही' म्हटलं की ते पाय झाडणारं लेकरू तिच्या मांडीवर येणार होतं. कानामागच्या तिळासकट.

"तीन," पानाबाई म्हणाली.

अंगुरीबाईचे हात हळूहळू मागं गेले. लेकरू पुन्हा तिच्या छातीशी गेलं.

"पहिलेच सांगितलं असतं तर?" पानाबाईनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

अंगुरीबाईनं विचार केला. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "तरी दिलं नसतं," ती म्हणाली. "पत्राचं उत्तरच दिलं नसतं. तुम्हाला इतक्या दूर यावं लागलं नसतं." आणि तिला रडू आलं.

पूनमचंद बायकोला समजवायला निघाले, शब्द दिलाय म्हणाले, लोक काय म्हणतील म्हणाले. ज्ञानचंदनंच हात जोडले. "राहू द्या, शेठजी. मायचं मन नाई भरत, तं नाई भरत." त्यांनी दुपारचं जेवण केलं, कारण जेवल्याशिवाय पूनमचंद जाऊ देईनात, आणि दिवस असतानाच टांगा केला. निघताना अंगुरीबाई खाली आली नाही. वरच्या खिडकीतून लेकराचं रडणं ऐकू आलं आणि लगेच थांबलं. उचललं असावं.

परतीच्या गाडीत सूरजबाई पहिला दिवस नुसता जप करत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"एक शबद गिळाचा होता. एकच. एवढी साखर, डाळ, तांदूळ पुडीत बांधतं तू रोज, एक शबद बांधता नाई आला तुले?"

ज्ञानचंद म्हणाला, "माय, राहू दे."

"कायले राहू देऊ? खोटं बोललं तं नरकात गेली असती काय? मी गेली असती तिच्या बदल्यात. मले सांगाचं होतं."

पानाबाईनं बांगडीत अडकवलेली पिन काढली. दुपटं मांडीवर घेतलं आणि टाका उसवायला सुरुवात केली. टाका तिनं बारीक घातला होता, बऱ्याच वर्षांच्या आशेनं घातलेला, सहजी निघत नव्हता. पिनेनं उचलायचा, दातानं तोडायचा. गंगेच्या बोटीतही ती उसवतच होती. भुसावळला गाडी बदलली तेव्हा सातही तुकडे वेगळे झाले होते आणि तिच्या बोटाच्या टोकाला रक्त साकळलं होतं.

गावात आल्यावर तिसऱ्या दिवशी ती सात घरी गेली. आमच्या घरी आली तेव्हा आई चुलीपाशी होती. पानाबाईनं सदऱ्याची पाठ घडी करून तिच्यापुढं ठेवली.

"हे तुमचं, सोजरबाई."

आईनं ते घेतलं. घेतल्यावर मात्र ती रडली, कारण ते परत घेणं म्हणजे काय हे तिला कळलं. सहा घरांनी घेतलं. अमिरुन्निसानं घेतलं नाही. हिरव्या कापडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "देल्लेली चिंधी आमी वापस घेत नाई. तुह्या घरी राहू दे, नाई तं फेकून दे. पन मह्या हातात नोको देऊ." पानाबाईनं ते घरी नेलं. पुढं पुष्कळ वर्षं दुकानातला तराजू ती त्याच कापडानं पुसे. गिऱ्हाईक कोणी असो नसो, साखळी आणि दोन्ही पारडी, रोज सकाळी.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सरकारची माणसं वही घेऊन घरोघर फिरत होती. ते सालच आणीबाणीचं होतं. तीन लेकरं झाली की त्या घरच्या माणसाला नसबंदीच्या ऑपरेशनला बोलावणं येई, त्यामुळे बाया दारातूनच एखादं लेकरू कमी सांगत, कोणी बहिणीच्या नावावर ढकलत. ज्ञानचंदच्या ओसरीवर तो वहीवाला बसला, तेव्हा माझी आई मीठ आणायला गेली होती. सूरजबाई सुपात तांदूळ निवडत होत्या.

"लेकरं किती, बाई?"

"तीन," पानाबाई म्हणाली.

त्यानं घरात वाकून पाहिलं. लेकराची खूण कुठं दिसेना. "कोठी हायेत?"

"नाईत."

"मंग तीन कायले सांगता? तीन लिवले तं मालकाले बलावनं येईन. तुमाले समजते का नाई?"

"तुमी इच्यारलं लेकरं किती. मी सांगितलं तीन. माणक, रिखब, अन एक पोरगी."

वहीवाला कंटाळला. त्यानं सूरजबाईंकडे पाहिलं, कोणी शहाणं माणूस काही सांगेल म्हणून. माझी आईही पाहत होती. ओसरीवर उन्हाची तिरीप आली होती, तांदळातला खडा सुपाला लागल्याचा आवाज झाला. सूरजबाईंनी मान वर केली नाही.

"लिव ना बाबा, ते सांगून राह्यली तसं," त्या म्हणाल्या. "मोठी पोरगी नऊ दिवसाची होती. नाव ठेवाचं राह्यलं."

त्यानं तीन लिहिलं. पानाबाई आत गेली, कारण दिवस कलला होता आणि पाणी गाळायचं होतं.

आठ दिवसांनी ज्ञानचंद पंचायतीत गेला आणि बोलावणं येऊ नये म्हणून तो आकडा खोडवून आला. त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. हे त्यानं घरात सांगितलं नाही, आणि पानाबाईनं विचारलं नाही.